एका विवाहाची किंमत

प्रेमकथा शोकान्त झाली की समाज दोन अश्रू ढाळतो आणि दोषाचे खापर दैवावर, तरुण वयाच्या उतावळेपणावर किंवा एखाद्या कठोर पित्यावर फोडून मोकळा होतो. नाटक-कादंबरीच्या रसिकाला एवढ्यावर थांबता येते. ज्या समाजात अशा कथा वर्षानुवर्षे त्याच क्रमाने घडत राहतात, त्या समाजाला मात्र असे थांबणे परवडणारे नाही. दोन जीवांच्या मीलनाने एखाद्या तालुक्याची शांतता भंग पावते, तेव्हा दोष त्या मीलनाचा की त्या शांततेतच काही विष आधीपासून मुरलेले होते, हा प्रश्न विचारणे प्राप्त होते. तमिळनाडूतील धर्मपुरी जिल्ह्यात २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत जे घडले, ते या दृष्टीने पुन्हा एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

हकीकत थोडक्यात अशी. नायक्कनकोट्टै या गावाजवळच्या नत्तम नावाच्या दलित वस्तीतील एका तरुणाने शेजारच्या गावातील वन्नियर समाजाच्या, परिचारिकेचे शिक्षण घेत असलेल्या तरुणीशी ऑक्टोबर २०१२ मध्ये घरातून निघून जाऊन विवाह केला. वराचे वय विवाहास लागणाऱ्या एकवीस वर्षांहून कमी आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो खरा धरला, तरी वयाच्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात मिळते, पेटत्या चुडीने मिळत नाही. मुलीला परत आणण्यासाठी जातीतील वजनदार मंडळींचे प्रयत्न झाले. ते फसले. ७ नोव्हेंबर २०१२ रोजी मुलीच्या वडिलांनी आत्महत्या केली. त्यांचे कलेवर पुढे करून रस्ता अडविण्यात आला आणि त्याच सायंकाळी शेकडोंचा जमाव नत्तम, अण्णानगर आणि कोंडमपट्टी या तीन दलित वस्त्यांवर चालून गेला. मदत येऊ नये म्हणून वाटेत झाडे तोडून टाकलेली होती. काही तासांत अडीचशेच्या वर घरांची नासधूस आणि जाळपोळ झाली.

पुढचा अंक आठ महिन्यांनी संपला. मुलीच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली, सुनावण्या झाल्या, आणि जून २०१३ मध्ये ती तरुणी पतीचे घर सोडून आईकडे गेली. आपण आता पतीकडे परतणार नाही, असे तिने ३ जुलै रोजी जाहीरपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी, ४ जुलै २०१३ रोजी, धर्मपुरीतील सरकारी महाविद्यालयाच्या मागे रेल्वेमार्गालगत त्या तरुणाचा मृतदेह सापडला. शवविच्छेदन पुन्हा करावे लागले, चौकशी आयोग बसला. सरकारी तपासाने आत्महत्येचा निष्कर्ष काढला. घरच्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

जळाले ते काय?

या घटनेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तीन वस्त्या जळाल्या, परंतु त्या संध्याकाळी तेथे कोणाचा प्राण गेला नाही. लोक जीव घेऊन पळाले होते हे त्याचे एक कारण. पण जमावाचा रोखही माणसांपेक्षा त्यांच्या चीजवस्तूंवर होता. पक्की घरे, दूरचित्रवाणी संच, मोटारसायकली, कपाटे ही त्याची लक्ष्ये होती. कपाटे फोडून रोकड आणि दागिने नेण्यात आले. मुलांची शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रेसुद्धा आगीत गेली.

ही घरे कशी उभी राहिली होती, हे पाहिले म्हणजे या निवडीचा अर्थ कळतो. धर्मपुरी हा कोरडवाहू, पावसावर अवलंबून असलेला जिल्हा. नत्तममधील कुटुंबांपाशी जमीन नाममात्र. मात्र बंगळूर जवळ आहे, तिरुप्पूरचे कापडउद्योगही आवाक्यात आहेत. मागील पिढीत या वस्त्यांतील स्त्री-पुरुष बांधकामावर आणि कारखान्यांत कामाला जाऊ लागले. त्यांनी मजुरी साठवून गावी विटांची घरे बांधली, थोडे सोने घेतले आणि मुलांना महाविद्यालयात धाडले. गावच्या शेतावर राबण्याची आणि गावच्याच माणसाकडून उसने घेण्याची त्यांची गरज उणावत गेली. एका पिढीच्या घामातून उभी राहिलेली ही स्वतंत्रता त्या सायंकाळी जाळण्यात आली. विवाह हे निमित्त होते. वस्तीचे गावावाचून अडत नाही, हा खरा राग होता, असा तर्क केल्यास तो अस्थानी ठरू नये.

किळवेणमणी ते नत्तम

तमिळनाडूच्या ग्रामीण अशांततेच्या इतिहासात याआधीची एक आग सर्वपरिचित आहे. २५ डिसेंबर १९६८ रोजी तंजावरच्या सुपीक खोऱ्यातील किळवेणमणी येथे एका झोपडीत आसऱ्याला शिरलेल्या ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. वाद मजुरीचा होता. शेतमजुरांनी संघटित होऊन भाताच्या रूपात थोडी अधिक मजुरी मागितली आणि जमीनदारांना ती मागणीच उद्धटपणाची वाटली. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. एवढे श्रीमंत गृहस्थ स्वतः पायी चालत आग लावायला जातील, हे न्यायालयाला संभवनीय वाटले नाही.

किळवेणमणी आणि नत्तम यांच्यामध्ये ४४ वर्षांचे अंतर आहे. पहिल्या ठिकाणी संघर्ष धान्याच्या मापावरून पेटला, दुसऱ्या ठिकाणी मंगळसूत्रावरून. वरवर पाहता या दोन वेगळ्या जातीच्या घटना वाटतात. वस्तुतः त्या एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. जमीन, मजुरी आणि कर्ज या तीन दोऱ्यांनी दलित मजूर गावाशी जखडलेला होता, तोवर त्याने कोणावर प्रेम करावे याची गावाला फारशी धास्ती नव्हती. त्याला तेवढी मोकळीकच नव्हती. शहराच्या मजुरीने या तिन्ही दोऱ्या सैल केल्या. मग जातीच्या हाती एकच दोर शिल्लक उरला, तो विवाहाचा. म्हणून त्याची पकड अधिक आवळली गेली.

या दोराला आर्थिक पीळही आहे. तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. २००५ मध्ये संपूर्ण देशाने तेच केले. कागदावर का होईना, मुलगी शेताची वाटेकरीण झाली. तिने जातीबाहेर पाऊल टाकले, तर तिच्याबरोबर शेताचा तुकडाही जातीबाहेर जाऊ शकतो. प्रतिष्ठेच्या नावाने होणाऱ्या गर्जनांत बांधाचा आणि सातबाऱ्याचा उल्लेख कधी येत नाही. पण आतल्या भीतीत तो नसतोच असे म्हणता येणार नाही.

गरिबांविरुद्ध गरीब

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. धर्मपुरीचे वन्नियर म्हणजे तंजावरचे मोटारवाले जमीनदार नव्हेत. तो समाज बहुतांशी अल्पभूधारक शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये त्याने आरक्षणासाठी आठवडाभर रस्ते रोखले. पोलिसांच्या गोळीबारात त्याची माणसे बळी पडली. १९८९ मध्ये सरकारने अतिमागास जातींसाठी २० टक्के जागा राखून ठेवल्या आणि त्यांत या समाजाचा समावेश झाला. त्याच वर्षी त्या आंदोलनातून पट्टाळी मक्कळ कट्ची हा पक्ष उदयास आला. श्रमिकांचा पक्ष, असाच त्या नावाचा अर्थ आहे.

विहिरी आटत चालल्या, शेती तुकड्यांत विभागली गेली आणि सरकारी नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. अशा वेळी श्रमिकांच्या पक्षाने पाण्याचा आणि रोजगाराचा प्रश्न हाती धरावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. त्याऐवजी २०१२ मध्ये त्याच्या व्यासपीठांवरून जातीबाहेरच्या विवाहांविरुद्ध चिथावणीची भाषणे झाली. जीन्स आणि काळे चष्मे घालून दलित तरुण आमच्या मुलींना भुलवितात, असा प्रचार पक्षाच्या संस्थापकांनीच केला. धर्मपुरीच्या जाळपोळीनंतर दलितेतर जातींची आघाडी बांधण्याचा आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा सौम्य करून घेण्याचा खटाटोपही झाला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत त्या पक्षाचा एकच उमेदवार विजयी झाला आणि तो धर्मपुरीतून झाला. २०१९ मध्ये त्याच मतदारसंघाने त्याच उमेदवाराला घरी बसविले. प्रतिष्ठेच्या राजकारणाला एकदा भाव येतो, पण त्याने कोणाच्या विहिरीला पाणी लागत नाही, हे मतदारालाही उमजते. फक्त तोवर कोणाची तरी घरे जळून गेलेली असतात.

या भागाला दुसरीही एक परंपरा होती, हे विसरता कामा नये. सत्तरीच्या दशकात येथे नक्षलवादी चळवळीने पाय रोवले. तिच्या मार्गाविषयी मतभेद असणे रास्तच आहे. पण चहाच्या दुकानांतील वेगळ्या पेल्यांविरुद्ध आणि सावकारीविरुद्ध तिने निरनिराळ्या जातींच्या तरुणांना एकत्र आणले होते. त्या चळवळीतील अप्पू आणि बालन यांचे स्मारक नायक्कनकोट्टै येथेच आहे. ज्या गावात वर्गाच्या नावाने जाती एकत्र आल्या, त्याच गावाच्या शिवारात एका पिढीनंतर जातीच्या नावाने गरीब गरिबांवर चालून गेले. आर्थिक असंतोषाला सनदशीर आणि समतेची वाट मिळाली नाही म्हणजे तो सर्वांत जवळच्या दुबळ्यावर कोसळतो, हा धडा धर्मपुरीपुरता मर्यादित नाही.

स्वेच्छा कोणाची?

भारतीय कायदा विवाहाला दोन सज्ञान व्यक्तींचा करार मानतो. तमिळनाडूचे या बाबतीतील पुढारलेपण तर सर्वमान्य आहे. पेरियार यांच्या स्वाभिमान विवाहांना १९६७ च्या दुरुस्तीने तेथे कायद्याची मान्यता मिळाली आणि पुरोहिताखेरीज, केवळ माळ किंवा अंगठी घालून झालेला विवाह वैध ठरला. पक्षकार न्यायालयात आले म्हणजे न्यायाधीश विचारतात: तुम्ही स्वेच्छेने आलात काय? प्रश्न योग्य आहे. पण धर्मपुरीच्या त्या तरुणीपुढे तो ठेवला गेला, तेव्हा तिच्या एका बाजूला वडिलांची चिता होती आणि दुसऱ्या बाजूला अडीचशे घरांची राख. तिने आधी पतीबरोबर राहण्याचे ठरविले, मग आईबरोबर. दोन्ही वेळा ती स्वेच्छेने बोलली, असे कागदोपत्री म्हणता येईल. मात्र जिथे एका होकाराची किंमत वडिलांच्या मृत्यूने आणि सासरच्या साऱ्या वस्तीच्या निवाऱ्याने चुकवावी लागते, तिथे स्वेच्छा या शब्दात कितीसा अर्थ उरतो?

या प्रकरणाचा गाभा हाच आहे. विवाह दोघांचा असतो. गाव त्याचा दंड साऱ्या वस्तीकडून वसूल करते. हा दंड वेडाच्या भरात घेतला जातो असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यामागे पक्का हिशेब असतो. ज्यांचा त्या विवाहाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा कुटुंबांचा संसार उद्ध्वस्त झाला की पुढच्या वेळी दलित बापच आपल्या मुलाला बजावतो, दलित आईच त्याच्या पाया पडते: बाबा रे, तुझ्यापायी वस्ती जळेल. मग जमावाला पुन्हा चुडी पेटवावी लागत नाही. एका वस्तीच्या आगीत शंभर गावांतील होऊ घातलेले विवाह जळून जातात, आणि ते कोणत्याही पंचनाम्यात नोंदले जात नाहीत.

महाराष्ट्राच्या अंगणात

हे सारे कावेरीच्या पलीकडचे म्हणून मराठी वाचकाने दूर सारू नये. १ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे नत्तमच्या आगीनंतर दोन महिन्यांच्या आत, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे प्रेमप्रकरणाच्या संशयातून तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. त्या खटल्यात २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. एप्रिल २०१४ मध्ये त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे, सवर्ण मुलीशी बोलल्याच्या कारणावरून मारले गेल्याचा आरोप असलेल्या प्रकरणात, एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला आढळला. त्या खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फिरले होते. गावातच राहावयाचे असलेला साक्षीदार का फिरतो, हे समजण्यासाठी कायद्याच्या पुस्तकापेक्षा गावाच्या अर्थकारणाकडे पाहावे लागते.

२०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने चित्रगृहे भरून टाकली. शेवटच्या दृश्यानंतर प्रेक्षक निःशब्द होऊन बाहेर पडत. त्याच वर्षी त्याच महाराष्ट्रात अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदल करावा, ही मागणी लाखोंच्या मोर्चांतून झाली. पडद्यावरील शोकाने मन हलते. बांधावरचा व्यवहार त्याने हलेलच असे नाही.

वास्तविक महाराष्ट्राची पूर्वपुण्याई मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. जातिभेदावरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच होय आणि सहभोजनांनी ते काम होणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत मांडले. या विचाराला मान देऊन राज्य सरकार अशा जोडप्यांना ५० हजार रुपयांचे अर्थसाहाय्य देऊ करते. केंद्राने २०१३ मध्ये अडीच लाखांची योजना आणली. या योजनांचा हेतू चांगला आहे. परंतु ज्या विवाहाची किंमत गाव एका वस्तीच्या संसाराने वसूल करू शकते, तेथे ५० हजारांचे प्रोत्साहन म्हणजे वणव्यावर ओंजळभर पाणी होय.

दंडाला दंड

मग करावे काय? धर्मपुरीपासून शिकण्याजोगे सूत्र असे की दंड सामुदायिक असेल तर संरक्षणही सामुदायिक हवे, आणि उत्तरदायित्वही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्याच्या सोळाव्या कलमाने, नागरी हक्क संरक्षण कायद्यातील तरतुदीच्या आधारे, अशा गुन्ह्यांत सामील असलेल्या किंवा त्यांना साथ देणाऱ्या भागातील रहिवाशांवर सामुदायिक दंड बसविण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. निरपराध त्यात भरडले जातील, हा आक्षेप योग्यच आहे. म्हणूनच ऐपतीप्रमाणे वाटणी करण्याची आणि ज्याचा दोष नाही त्याला सूट मागण्याची सोय त्याच तरतुदीत केलेली आहे. जाळपोळीचा खर्च जाळणाऱ्यांच्या गावाला सोसावा लागतो हे एकदा दिसले, तर जमावाच्या हिशेबात फरक पडेल. आज तो खर्च सरकारी तिजोरी आणि जळालेले लोक हेच दोघे वाटून घेतात.

दुसरा उपाय पूर्वसावधगिरीचा. विधी आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे नत्तम जळण्यापूर्वी अवघे तीन महिने, आपल्या २४२ व्या अहवालात विवाहस्वातंत्र्यात हस्तक्षेप करण्यासाठी भरविलेल्या जमावांना आणि पंचायतींना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा मसुदा सुचविला. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी संसदेने तो कायदा केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, मदतीची सोय आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे यांविषयी निर्देश दिले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करणारे महाराष्ट्र या बाबतीतही पुढाकार घेऊ शकते. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांच्या जाहीर सूचनेचाही फेरविचार झाला पाहिजे. १९५४ मध्ये ती फसवणूक टाळण्यासाठी योजली असेल. जातीच्या पहारेकऱ्यांना ती आयती खबर पुरविते.

तिसरा उपाय सर्वांत संथ, परंतु सर्वांत टिकाऊ होय. ज्या तालुक्यात सिंचन आहे, उद्योग आहे, दोन्ही बाजूंच्या मुलामुलींना आपल्या पायांवर उभे राहता येते, तेथे जातीच्या पुढाऱ्याला प्रतिष्ठेचे दुकान चालविणे जड जाते. ज्या शेतकरी समाजाच्या हातून वस्त्या जळतात, त्याचे दारिद्र्यही राज्याने आपल्या विषयपत्रिकेवर घेतले पाहिजे. गुन्ह्याला सूट म्हणून नव्हे, तर पुढच्या गुन्ह्याचे इंधन कमी करण्यासाठी.

नत्तममध्ये घरे पुन्हा उभी राहिली. सरकारने पैसे दिले, लोकांनी आणखी मजुरी केली. विटांवर विटा पुन्हा रचता येतात, जळालेल्या प्रमाणपत्राची दुसरी प्रतही मिळू शकते. पण दोन तरुण जीवांनी एकमेकांना दिलेले वचन आठ महिन्यांत मोडून पडले, आणि ते मोडावे यासाठी किती जणांनी किती बळ लावले, हे ज्यांनी पाहिले आहे अशी मुलेमुली त्या दोन्ही गावांत वाढत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी शेजारच्या गावातील कोणावर मन जडवील. तेव्हा त्याने आधी वस्तीतील घरे मोजावीत काय, याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रजासत्ताकाची आहे.